चौकोनातली विहीर

आमच्या कळसाडीच्या विहिरीला बेचाळीस पायऱ्या आहेत. लग्न होऊन सोळा वर्षं झाली तरी मला हे माहीत नव्हतं, आणि मी कॉलेजात गणित शिकवते.

पायऱ्या मोजल्या होत्या त्या जिजींनी. जिजी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. त्या आणि माझे धाकटे दीर गावी शेती बघतात. मी आणि माझा नवरा नोकऱ्यांमुळे शहाद्यात राहतो आणि सणावाराला, सुट्टीला कळसाडीला जातो. जेठ, म्हणजे जिजींचे यजमान, सहा वर्षांपूर्वी गेले. विहीर त्यांच्या हातची. जिजी लग्न होऊन आल्या त्याच वर्षी तिचं काम निघालं आणि हळदीच्या अंगाने त्यांनी खालची माती टोपल्यांनी वर ओढली. एका पायरीचा दगड बसवताना जेठांचं बोट चेचलं होतं. ती पायरी कुठली, हे त्या अजूनही अंधारात पायाने ओळखतात. त्यांची चार एकर केळी आणि घराचं पिण्याचं पाणी या विहिरीवर आहे.

मी चाळिशी उलटल्यावर पीएचडीला नाव घातलं. विषय जमिनीखालच्या पाण्याचा: ते कसं सरकतं, उपसलं की किती खाली जातं, हे गणिताने कसं सांगायचं. अशा कामाला दोन वाटा असतात. एक कागद-पेन्सिलची. समीकरण मांडायचं, सोडवायचं आणि शेवटी एक नेटकं सूत्र हातात यायचं. पुस्तकात याला विश्लेषणात्मक उत्तर म्हणतात. त्यासाठी मात्र बरंच काही गृहीत धरावं लागतं: जमीन सगळीकडे एकसारखी, विहीर एकटीच, आणि शेताला कड म्हणून नाहीच. कळसाडीत असं शेत मला कुणी दाखवावं. दुसरी वाट संगणकाची. जमिनीचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनाने शेजारच्या चौकोनाला किती पाणी दिलं-घेतलं याचा हिशेब संगणकाला लाखो वेळा करायला लावायचा. त्यात नाला घालता येतो, खडक घालता येतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मोटारी घालता येतात. मी या दुसऱ्या वाटेच्या प्रेमातच पडले. आमचे मार्गदर्शक सर दर भेटीत विचारायचे की पहिलं प्रकरण कुठवर आलं, म्हणजे सूत्रांचं, आणि मी दर भेटीत त्यांना रंगीत नकाशे दाखवून वेळ मारून न्यायचे. सूत्रं परीक्षेत मार्क मिळवण्यापुरती, असं माझं तेव्हा ठाम मत होतं. चौदा वर्षं तीच सूत्रं फळ्यावर लिहून मी पगार घेत होते, हे त्या वेळी माझ्या ध्यानात आलं नाही.

त्या हिवाळ्यात धाकट्या दिरांनी आपल्या वाट्याच्या शेतात बोअर मारायचं ठरवलं. जागा विहिरीपासून तीनशे फुटांवर. घरात सगळे जेवायला बसलो होतो, भरीत आणि कळण्याची भाकरी होती, आणि जिजींनी वाढता वाढता मला विचारलं की याने विहिरीला काही होईल का. घरातली शिकलेली म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. मला काय, तेच हवं होतं. मी जिजींना विहिरीचं पाणी किती आहे ते विचारून घेतलं, दोन्ही मोटारी दिवसाला किती उपसतील ते दिरांना विचारलं, आणि आठवडाभरात लॅपटॉप घेऊन उत्तर सांगायला हजर झाले. शंभर मीटरचा एकेक चौकोन, त्यातल्या एकात जिजींची विहीर. नकाशावर तो चौकोन जरासा फिका झाला होता. अडीच फूट, मी जाहीर केलं. अडीच फूट पाणी उतरेल, त्याहून जास्त नाही, बिनधास्त बोअर मारा. हे सांगताना मला किती आनंद झाला होता ते मला चांगलं आठवतं.

बोअरला पाणी लागलं. दिरांनी पेढे वाटले आणि मला दोन जास्त दिले.

आमच्याकडे आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, आणि ती वर्षातला सगळ्यात मोठा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात. त्या सकाळी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने नवी घागर पाण्याने भरून ठेवतात, वर आंबा ठेवतात. गेलेली माणसं त्या दिवशी तहानलेली येतात असं मानतात. जेठ गेल्यापासून जिजी दर आखाजीला पहाटे उठून विहिरीच्या पायऱ्या उतरतात आणि त्यांची घागर त्यांच्याच विहिरीतून भरून आणतात. बोअर झाल्यानंतरच्या पहिल्या आखाजीला मी सकाळी सातला कळसाडीला पोचले, तेव्हा जिजी विहिरीच्या काठावर रिकामी घागर घेऊन उभ्या होत्या. मी आत डोकावून बघितलं. तळाला चिखल होता आणि त्यात मोटारीच्या पाइपाचं टोक, ज्याला गावात सगळे फुटबॉल म्हणतात, ते उघडं पडलं होतं.

घागर शेवटी दिरांनी बोअरच्या पाइपाखाली धरून भरून आणली. जिजींनी ती घेतली, हळदकुंकू लावलं, आंबा ठेवला, सगळं रीतसर केलं. माझ्याशी त्या नेहमीसारख्या बोलल्या. त्यांच्या दोन्ही लेकी आल्या होत्या, पुरणपोळी होती, मांडे होते. दुपारी सगळ्यांची जेवणं झाल्यावर माझ्या ताटात आमरस वाढताना त्यांनी शांतपणे विचारलं, "तुन्ही ती अडीच फूट कोनती व्हती वं?"

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडले असते, मला भांडण जमतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मला मान खाली घालून आमरस खावा लागला.

त्याच संध्याकाळी दिरांनी विषय काढला. विहीर आता कामाची राहिली नाही, उघडी ठेवली तर जनावर पडेल, बांधाच्या कामाला जेसीबी येणारच आहे तर बुजवून टाकू आणि तिथवर गोठा वाढवू, आणि जिजींच्या केळीला बोअरमधून पाणी देऊ. माणूस वाईट नाही. त्यांना खरोखरच सोय दिसत होती. जिजी म्हणाल्या की पुढची आखाजी होऊ द्या. पुढच्या आखाजीलाही घागर विहिरीतून भरली नाही, तर त्या स्वतः बुजवायला सांगतील. दिरांनी मान्य केलं. म्हणजे जिजींच्या हातात एक वर्ष होतं आणि ती मुदत माझ्यामुळे मागावी लागली होती.

घरी येऊन मी पहिली गोष्ट केली ती संगणकाची बाजू घेण्याची. पूर्ण प्रोग्राम ओळ न् ओळ तपासला. कुठेतरी उणे-अधिक चुकलं असेल, मीटरचे फूट करताना गडबड झाली असेल. काही नव्हतं. सगळं बरोबर होतं. चूक सापडली असती तर मला बरं वाटलं असतं, कारण चूक दुरुस्त करता येते. सगळं बरोबर असून विहिरीत चिखल, याचं काय करायचं ते मला कळेना. पण त्या न कळण्याने मला पछाडलं हेही खरं. वर्गात शिकवताना, भाजी निवडताना, स्टँडवर बसची वाट बघताना मी तेच घोळवत बसे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी चार दिवस कळसाडीला जाऊन राहिले. दुसऱ्या दिवशी मोटारीच्या खोलीत सावलीला म्हणून शिरले, तर आतल्या भिंतीवर कोळशाच्या रेघा. ओळींमागून ओळी, खालपासून माझ्या खांद्यापर्यंत. मला वाटलं कुणीतरी चाळा केला असेल. जिजींना विचारलं तर त्या लाजल्या. बोअर चालू झाल्यापासून त्यांना विहिरीची काळजी लागली होती. म्हणून मोटार चालू झाली की त्या काठावर येत आणि पाणी कुठल्या पायरीला आहे ते बघत. मग तासाने पुन्हा, मग पुन्हा. दिवसाची एक ओळ, आणि ओळीत तासातासाला जितक्या पायऱ्या उघड्या पडल्या तितक्या रेघा. कोणत्या आठवड्यात काय झालं ते त्यांच्या तोंडपाठ होतं. एका ओळीवर बोट फिरवत त्या म्हणाल्या, "पानी पह्यले पयस, मंग चालस, मंग बठस."

आधी पळतं, मग चालतं, मग बसतं. मी रेघा मोजल्या. पहिल्या तासाला पाच, दुसऱ्याला दोन, पुढे एक, मग अर्धी. दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्या दिवशीही. मी खोलीच्या दारात बसकण मारली. हा वक्र मी दरवर्षी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना फळ्यावर काढून दाखवते. लॉगॅरिदमचा वक्र. जे सूत्र मी परीक्षेपुरतं म्हणून बाजूला टाकलं होतं, त्यातून हाच बाहेर पडतो, आणि जिजींनी तो कोळशाने भिंतीवर काढून ठेवला होता.

मग मी त्यांना प्रश्नांवर प्रश्न विचारले. मागच्या हिवाळ्यात पाणी किती ते मला सांगितलंत, ते कधी मोजलं होतं? सकाळी, त्या म्हणाल्या, लाईट यायच्या आधी. चालू मोटारीत का नाही मोजलं? या प्रश्नावर त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. चालू मोटारीत विहीर कोण मोजतं? आमच्या भागात कुणालाही विहिरीचं पाणी विचारा, तो मोटार बंद असतानाचंच सांगेल. उपसा चालू असतानाचं सांगणं म्हणजे आपल्याच विहिरीची चारचौघांत नालस्ती करणं. ही रीत या घरची सोळा वर्षांची सून असून मला ठाऊक नव्हती. मला कळलेली पातळी विसावलेल्या विहिरीची होती आणि मी ती राबणाऱ्या विहिरीची म्हणून संगणकाला दिली होती.

दुसरी गोष्ट मला रात्री दहाला दिसली. लाईट आली आणि त्याच मिनिटाला जिजींची मोटार, दिरांची बोअर आणि पलीकडच्या तीन शेतांतल्या मोटारी एकदम चालू झाल्या. सगळ्यांचे स्टार्टर ऑटोवर टाकलेले. शेतीला लाईट दिवसात आठ तास, एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री. रात्री साप-विंचवातून खटका दाबायला कोण जाणार, म्हणून ऑटो. आणि एकदा ऑटो टाकला की लाईट असेपर्यंत कुणी बंद करत नाही, पिकाला गरज असो नसो. मी मात्र दिवसाभराचा उपसा चोवीस तासांत सारखा वाटून हिशेब केला होता. आठ तासांत सगळ्यांनी मिळून जे ओढलं, ते माझ्या नकाशावर दिवसभर थेंबथेंब झिरपत होतं.

ही दुरुस्ती सोपी होती. खऱ्या वेळा घालून संगणकाला पुन्हा चालवलं. पाणी आधीपेक्षा बरंच उतरलं, पण जिजींच्या भिंतीवरच्या रेघांइतकं काही उतरेना. अजून चार-पाच पायऱ्यांचा फरक राहिला. मी सरांना फोन केला. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "चौकोनाला आकडा एकच आहे ना? मग चौकोनातल्या नेमक्या कुठल्या जागेचा तो आकडा आहे, ते सांगा." आणि वर म्हणाले की उत्तर पहिल्या प्रकरणात आहे, जे तुम्ही लिहिलेलं नाही.

मी दोन दिवस वही घेऊन बसले. खरं सांगते, इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. गोष्ट अशी आहे. मोटार पाणी ओढते तेव्हा ते चारी बाजूंनी विहिरीकडे येतं. लग्नाच्या मांडवातून माणसं जेवायला सुटतात तेव्हा लांबवर ती मोकळी चालत असतात आणि दाराशी चेंगराचेंगरी होते. माणसं तेवढीच, जागा कमी. पाण्याचंही तसंच. विहिरीच्या जवळ जागा कमी पडते म्हणून तिथे पातळी झपकन खाली जाते. अंतर निम्मं केलं की दरवेळी तेवढीच घसरण, पुन्हा निम्मं केलं की पुन्हा तेवढीच. सूत्र हे अचूक सांगतं. माझा शंभर मीटरचा चौकोन मात्र ही सगळी घसरण एका आकड्यात गुंडाळून टाकतो, त्याला त्यातली विहीर दिसतच नाही. वहीत सूत्र आणि चौकोन समोरासमोर मांडल्यावर असं निघालं की चौकोनाचा आकडा ही विहिरीची पातळी नव्हेच. ती विहिरीपासून चौकोनाच्या बाजूच्या साधारण एक पंचमांश अंतरावरची पातळी असते. म्हणजे वीस मीटर, जवळपास पासष्ट फूट.

मी टेप घेऊन विहिरीपासून पासष्ट फूट मोजले. टेपचं टोक गोठ्यामागच्या निंबाशी गेलं आणि तिथे बंद पडलेली हापशी होती. तिचा दांडा कधीच काढून नेला होता, नुसता पाइप उभा होता. मला हसू फुटलं. जिजी कडबा टाकत होत्या, त्यांना हाक मारली. मोटार चालू असताना सुताला लोखंडी नट बांधून पाइपात सोडला, टुप् आवाज झाला तिथे गाठ मारली आणि मोजलं. संगणकाचा आकडा आणि सुतावरची गाठ यांत चार बोटांचा फरक होता. संगणक मला काही खोटं सांगत नव्हता. तो हापशीची पातळी सांगत होता आणि मी ती विहिरीची म्हणून वाचत होते. जिजींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी हापशीकडे बघितलं, विहिरीकडे बघितलं आणि म्हणाल्या की एवढं तर चालून बघितलं तरी कळलं असतं.

पुढचं काम शिवणासारखं होतं. हापशीच्या बाहेर संगणक: तिथे नाला आहे, बोअर आहे, शेजाऱ्यांच्या मोटारी आहेत, कड आहे, आणि सूत्राला त्यातलं काही झेपत नाही. हापशीच्या आत सूत्र: तिथे संगणक आंधळा आहे. आणि हापशीपाशी दोघांना एकमेकांत टाचायचं, कारण तिथे दोघंही खरं बोलतात. पावसाळा आणि दिवाळी मी या टाचण्यात घालवली. जुळवलेलं उत्तर जिजींच्या भिंतीवरच्या ओळींशी ताडून पाहिलं तर फरक अर्ध्या पायरीच्या आत आला. मग मी ज्यासाठी हे सगळं मांडलं होतं तो प्रश्न घातला. विहीर आणि बोअर एकदम न चालवता पाळीने चालवल्या, आधी चार तास विहीर आणि मग चार तास बोअर, तर आखाजीच्या सकाळी पाणी कुठे असेल? उत्तर आलं छत्तीस. छत्तीस पायऱ्या कोरड्या, खाली सहा पायऱ्या पाणी. दोन्ही एकदम चालल्या तर बेचाळीसच्या बेचाळीस कोरड्या.

हे दिरांना सांगायचं म्हणजे तोंड कुठून आणायचं हा प्रश्न होता. संक्रांतीनंतर एकदा धीर करून त्यांना मोटारीच्या खोलीत घेऊन गेले. भिंतीवरच्या रेघा दाखवल्या, माझे कागद दाखवले, हापशी दाखवली. त्यांनी सगळं मनापासून ऐकलं आणि हसत म्हणाले, "वहिनी, तुमनी अडीच फूट मी आजून भुलनू नही."

मला ते लागलं, पण त्यांचं चूक नव्हतं. त्यांची अडचण वेगळीच होती आणि ती मला नंतर समजली. लाईट आलेली असताना मोटार बंद ठेवायची ही कल्पनाच त्यांच्या घशाखाली उतरत नव्हती. ठिबकवर त्यांच्या उसाला चार तास पुरतात हे त्यांनी स्वतःच कबूल केलं, तरी लाईट वाया जाते असं त्यांना वाटत होतं. बघू, म्हणाले आणि गेले. आमच्या घरात दिरांचं बघू म्हणजे नाही, असा अनुभव आहे. जिजींना मी काय सांगायचं?  एका रविवारी गेले तर त्या विहिरीच्या वरच्या पायऱ्यांवरचं गवत उपटत होत्या. बुजवायची असती तर कशाला उपटलं असतं, असं वाटून मला फार वाईट वाटलं.

आखाजीला तीन आठवडे असताना सकाळी सकाळी जिजींचा फोन आला. आवाज दबका होता. म्हणाल्या, "पानी वर सरकनं."

मी संध्याकाळी गेले. भिंतीवरच्या ओळी चार दिवसांपासून आखूड झाल्या होत्या. जिजींनी मला स्टार्टरची पेटी उघडून दाखवली. आत एक छोटा पांढरा डबा बसवलेला होता, टायमर. त्यांच्या मोटारीला चार तासांनी बंद करणारा. दिरांच्या बोअरला तसाच एक असणार, चार तासांनी चालू करणारा. शेजारणीने सांगितलं की जिजी बाजाराला गेल्या होत्या त्या दिवशी म्हसावदचा वायरमन येऊन गेला. दीर अंगणात खाटेवर बसून कांदे निवडत होते. त्यांनी आमच्याकडे बघितलंही नाही आणि आम्हीही काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी नाही म्हणून सांगितलं असतं आणि मग त्यांना तो काढावा लागला असता.

मी एका कागदावर छत्तीस हा आकडा लिहिला, घडी घातली आणि जिजींच्या हातात दिली. त्यांनी ती न उघडता देव्हाऱ्यात ठेवली.

आखाजीच्या आठवड्यात लाईटची पाळी रात्रीची होती. म्हणजे पहाटे सहाला लाईट जाणार आणि बोअरची पाळी संपून विहिरीवरचा ओढा तेव्हाच थांबणार. मी आदल्या दिवशीच जाऊन राहिले होते. उजाडलं तसं जिजींनी नवी घागर कमरेवर घेतली आणि आम्ही विहिरीवर गेलो. वरून पाणी दिसत नव्हतं, तळाला सावली होती. जिजी उतरायला लागल्या, मी मागे. त्या मनाशी मोजत होत्या आणि मी त्यांच्याबरोबर मोजत होते. पंचविसाव्या पायरीला त्या क्षणभर थांबल्या आणि पायाने दगड चाचपला. मी ओळखलं, तीच ती पायरी. तिसाव्यालाही पाणी नव्हतं. चौतिसाव्याला नव्हतं.  आयुष्यात कुठल्याही परीक्षेच्या निकालाला मी इतकी घाबरले नव्हते. छत्तिसावी पायरीही कोरडी होती, आणि त्याखाली हात घातला तर अर्धी पायरी सोडून पाणी होतं. गार आणि स्वच्छ.

जिजींनी वाकून घागर बुडवली. भरताना तिचा जो आवाज होतो तो पूर्ण होईपर्यंत आम्ही दोघी ऐकत राहिलो. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

तेवढ्यात वरून पावलं वाजली. दीर उतरत होते. त्यांच्याही कमरेवर नवी घागर होती. वर त्यांच्या शेतात बोअरला दोन इंची धार आहे, घागर भरायला त्यांना एक पायरीही उतरायची गरज नव्हती. ते आमच्यामागे येऊन उभे राहिले आणि जिजींना म्हणाले की जरा सरका, भावाची भरायची आहे. जिजी सरकल्या. दिरांनी घागर भरली. गोठ्याचं, जेसीबीचं नाव तेव्हाही निघालं नाही आणि पुढेही निघालेलं नाही.

वर चढण्याआधी जिजींनी मला विचारलं की कागदावर किती लिहिलं होतं. छत्तीस, मी म्हणाले, आणि आहेत साडेछत्तीस. अर्धी पायरी कुठे गेली ते मला सापडत नाही, पुन्हा बघावं लागेल. गणिताची खोड, दुसरं काय, त्या घडीलाही मी मनात कारणं शोधत होते: पलीकडच्या शेतात नवी मोटार बसली असेल, नाल्याचं पाणी लवकर आटलं असेल. जिजींनी कमरेवरची घागर सावरली.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "अर्धी पायरी तुन्हा जेठनी पी टाकी व्हई."

दीर हसले आणि त्यांच्या घागरीतलं थोडं पाणी माझ्या पायावर सांडलं. प्रबंधात मी तो आकडा आहे तसा छापला. शेवटच्या रकान्यात उरलेल्या फरकाचं कारण लिहायचं असतं. तिथे मी 'स्थानिक' एवढंच लिहिलं, आणि तोंडी परीक्षेत त्याबद्दल मला कुणी विचारलं नाही.